पहिलं वर्ष भाजीचं नसतं गं, पाल्याचं असतं

पत्र: ताई, मी ३३ वर्षांची, आयटीत आहे, सिंहगड रोडला राहते. आमच्या सोसायटीच्या मागे साधारण ३ गुंठ्यांचा तुकडा पडून आहे, कागदावर गार्डन, प्रत्यक्षात राडारोडा आणि गाजरगवत. आम्हा चौघी मैत्रिणींना तिथे रीजनरेटिव्ह पद्धतीने शेती करायचीय, खणाखणी नाही, केमिकल नाही. भाजी सोसायटीतल्या २० घरांना द्यायची आणि उरलेली भिंतीपलीकडच्या वस्तीत फुकट वाटायची असं डोक्यात आहे. व्हिडिओ बघून बघून पार गोंधळलेय. तळमजल्यावरचे एक काका म्हणतात डास होतील, साप येतील, वास मारेल. आणि नोकरी सोडून पूर्ण वेळ यातच पडावं का असंही मनात येतंय. नक्की सुरुवात कुठून करू? – मातीसाठी उतावीळ

अगं उतावीळ,

सोप्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नोकरी सोडू नकोस. निदान पहिली दोन वर्षं तरी नाही.

आता हिशोब बघ, तू आयटीतली आहेस म्हणजे आकडे तुला माझ्यापेक्षा बरे कळतात. ३ गुंठे म्हणजे ३,२६७ स्क्वेअर फूट. त्यातून बिल्डिंगची सावली पडते तो भाग काढ, चालायच्या वाटा काढ, कंपोस्टची जागा, पाण्याची टाकी, अवजारं ठेवायला एक कोपरा, हे सगळं वजा केलंस की वाफ्यांना १,२०० फूट उरले तरी खूप झाले. आणि चार माणसांच्या घराला दिवसाला दीड किलो भाजी धर (हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था माणशी ४०० ग्रॅम खा म्हणते, आपण तेवढी खात नाही ते सोड). २० घरं म्हणजे रोज ३० किलो, वर्षाचे झाले जवळजवळ ११ टन. तेवढ्या जागेत ११ टन कुणाच्या बापाला निघत नाहीत गं, रीलमधला तो दाढीवाला काहीही म्हणो. त्यामुळे "२० घरांची भाजी" हे डोक्यातून आजच काढ. त्या जागेतून काय निघेल तर पालेभाज्या, कोथिंबीर, मिरच्या, अळू, कढीपत्ता, गवती चहा, कडेला एखादा शेवगा, एखादं लिंबू, मांडवावर दोडका नाहीतर घेवडा. म्हणजे प्रत्येक घराला आठवड्यातून एकदोनदा जुडी मिळेल, आणि ती जुडी कुठून आली ते पोरांना माहीत असेल. मला विचारशील तर हे कमी नाहीये.

सुरुवात कुठून म्हणतेस ना, तर झाडलोटीपासून. खरंच सांगते. तुझं पत्र मला फेब्रुवारीच्या शेवटी मिळालं आणि मी मनात म्हटलं ही नशीबवान आहे, कारण आत्ता पुण्यात पानगळ सुरू आहे. पिंपळ, बदाम, तो मोठा पर्जन्यवृक्ष ज्याला सगळे शिरीष म्हणतात, सगळे पानं टाकतायत, झाडूवाल्या मावश्या ढीग लावतायत, आणि बंदी असूनही कुठेतरी कोपऱ्यात कुणीतरी काडी लावतोच. ते सगळं तुझं खत आहे. पुढच्या दोन महिन्यात जेवढी पोती गोळा होतील तेवढी कर, शंभर म्हटलीस तरी कमी पडतील कारण पाला बसतो, हातभर ढिगाचा शेवटी चार बोटं थर उरतो. पुण्यात २०१६ पासून ब्राउन लीफ म्हणून उपक्रम आहे, ज्यांना पाला नकोय त्यांचा पाला ज्यांना हवाय त्यांच्याकडे पोचवायचा एवढीच साधी आयडिया, त्यांच्याशी बोल. आणि शेजारच्या दोनतीन सोसायट्यांच्या माळ्यांना आत्ताच सांगून ठेव की पोती आमच्याकडे आणून टाका. सुबाभळीच्या शेंगा असलेलं पोतं मात्र परत पाठव, नाहीतर पावसाळ्यात भाजी कमी आणि सुबाभूळ जास्त उपटत बसशील.

आम्ही हे उलटं केलं होतं ना, म्हणून सांगते. बारातेरा वर्षांपूर्वी आमचा सात जणांचा ग्रुप होता, अडीच गुंठ्यांची जागा मिळालेली, उत्साह तर असा की विचारू नकोस. पहिल्याच रविवारी एका ट्रकवाल्याकडून दोन ट्रक पोयटा मागवला, दिसायला काय सुंदर काळीभोर माती, आणि महिन्याभरात त्यातून लव्हाळा जो उगवला तो आजतागायत गेलेला नाही. त्याच्या गाठी मातीतच होत्या. उपटला की वरचं पातं हातात येतं आणि गाठ खाली हसत बसते. वर नर्सरीतून रोपं आणली, ठिबक बसवलं, फोटो काढले, एप्रिलपर्यंत सगळं हिरवंगार. मग मे आला, सात पैकी पाच जण गावी, एक परदेशात लेकीच्या बाळंतपणाला, आणि उरलेली एक म्हणजे मी, मला तेव्हाच कंबर धरली. १५ मेला जाऊन बघितलं तर पापड. पैसे किती गेले ते नवऱ्याला अजून खरं सांगितलेलं नाही.

तेव्हा कुणीतरी मला दाभोळकरांचं काम दाखवलं आणि माझं डोकं ताळ्यावर आलं. श्री. अ. दाभोळकर, कोल्हापूरचे, मूळचे गणिताचे प्राध्यापक, त्यांनी प्रयोग परिवार म्हणून शेतकऱ्यांचं जाळं उभं केलं, ज्यानं त्यानं आपापल्या रानात प्रयोग करायचा आणि एकमेकांना सांगायचं. त्यांच्याच विचारावर मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनमधल्या अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास कॅन्टीनच्या गच्चीवर बाग सुरू केली, खत कशाचं तर किचनमधल्याच ओल्या कचऱ्याचं आणि पाल्याचं. गच्चीवर, मुंबईत, आणि तिथे फळझाडंसुद्धा उभी राहिली. तुझ्याकडे तर जमीन आहे.

दाभोळकरांच्या पद्धतीतली जी अमृतमाती आहे ना, ती तुझ्या जागेला एकदम फिट बसते, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. जवळच्या गोठ्यातून १ किलो ताजं शेण आण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ (काळा असला तर बरा), १० लिटर पाण्यात कालव, तीन दिवस सावलीत झाकून ठेव, दिवसातून दोनतीनदा काठीने ढवळ. चौथ्या दिवशी त्यात दहापट पाणी घाल. हे झालं अमृतजल. कोरडा पाला त्यात २४ तास बुडवून ठेवायचा, पायाने तुडवून बारीक केलेला असेल तर उत्तम, पोरांना ते काम द्यायचं, त्यांना भारी आवडतं. मग तो भिजलेला पाला आणि मूठमूठ माती असे थरावर थर, दहा फूट लांब, तीन फूट रुंद, फूटभर उंच ढीग. आठवड्याला एकदा खालीवर करायचा, ओल राखायची. महिन्याभराने त्या ढिगावरच चार प्रकारचं बी विस्कटून टाकायचं, डाळी, धान्य, मसाले, घरातली मेथी, मोहरी, धणे, मूग, तीळ, जे असेल ते. २१ दिवसांनी शेंडे छाटून तिथेच पसरायचे, परत ४२ व्या दिवशी, परत ६३ व्या दिवशी सगळं मुळापासून कापून तिथेच जिरवायचं. साधारण साडेचार महिन्यांत जी माती होते ती हातात घेऊन वास घे, पहिल्या पावसाचा येतो. आता मार्चमध्ये ढीग घातलास तर जुलैअखेर, ऑगस्टपर्यंत माती तयार. म्हणजे गणपतीच्या आसपास पहिली पालेभाजी, आणि खरा भाजीचा हंगाम दिवाळीनंतर, थंडीत. मुळा, पालक, चाकवत, मेथी, वाटाणा, टोमॅटो, हे सगळं तेव्हा.

लगेच म्हणशील की ताई एवढं थांबायचं? हो. थांबायचंच आहे. विरजण लावल्यावर दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघितलं तर दही लागतं का? जीवामृत (शेण-गोमूत्र-गुळाचं असंच दुसरं द्रावण), अमृतजल हे सगळं विरजणच आहे, त्याला चमत्कार समजू नकोस आणि थोतांडही समजू नकोस. बोटभर विरजण दोन लिटर दुधाला पुरतं पण दूधच नसेल तर नुसतं विरजण काय करणार, तसं पालाच नसेल तर नुसतं जीवामृत ओतून काही होत नाही. इथेच निम्मे लोक फसतात. शिवाय प्रमाण. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं जीवामृत २०० लिटरचं सांगितलेलं असतं ते एका एकराला, म्हणजे ४० गुंठ्यांना. तुझ्या ३ गुंठ्यांना १५ लिटर झालं, एक मोठी बादली. मी एक ग्रुप पाहिलाय त्यांनी २०० लिटरचा ड्रम दोन गुंठ्यांवर ओतला आणि मग तुझ्या त्या काकांसारखे जे काका असतात ते बरोबर ठरले, वास आला.

रीजनरेटिव्ह हा शब्द मोठा वाटतो ना, तर आपल्या आज्या जे करायच्या त्यातलंच बरंचसं आहे. जमीन उघडी ठेवायची नाही, वर कायम पाल्याचं पांघरूण. मातीत कायम कुठलंतरी जिवंत मूळ असलं पाहिजे. एकाच वाफ्यात एकच पीक लावत बसायचं नाही, फेरपालट करायची, डाळवर्गीय काहीतरी मधेमधे हवंच. आणि उगाच उकरायचं नाही. यातलं शेवटचं तुझ्याबाबतीत पहिल्या वर्षी अर्धवटच पाळता येईल कारण तुझ्याकडे राडारोडा आहे, विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, वायरी, ते वेचायलाच लागेल, तिथे तत्त्व घेऊन बसू नकोस. मोठं मोठं वेच. सगळं निघणार नाहीच, मग त्यावर जुने पुठ्ठे अंथर (ऑनलाइनचे खोके प्रत्येक घरात आहेत, चिकटपट्टी मात्र काढून टाक), विटांच्या रांगा लावून दीड फूट उंच वाफे कर आणि त्यात तुझी अमृतमाती आणि बाकी पाला भर. वाफ्याची रुंदी साडेतीन फुटांपेक्षा जास्त ठेवू नकोस, दोन्ही बाजूंनी हात मधे पोचला पाहिजे, म्हणजे वाफ्यात पाय टाकायची वेळ येत नाही. एकदा पाय पडला की माती दबली. पोरांना हे पहिल्या दिवशी सांग आणि मोठ्यांना रोज सांग.

गाजरगवत फुलायच्या आत उपट आणि हातमोजे घालूनच उपट, त्याने अंगावर भयंकर खाज उठते काहींना. फुलायच्या आधीचं गाजरगवत खतात चालतं, फुललेलं नको.

आणि एक काम याच्याही आधीचं, कंटाळवाणं आहे पण टाळू नकोस. माती तपासून घे. आठदहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घेऊन कडेची माती खरवड, सगळी एकत्र करून त्यातली अर्धा किलो सावलीत वाळव आणि कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा कृषी महाविद्यालयाच्या लॅबला दे. रिपोर्टमध्ये सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत आलेला कार्बन) अर्ध्या टक्क्याच्या खाली आला तर घाबरू नकोस, येणारच, पण तो आकडा वहीत लिहून ठेव, दोन वर्षांनी परत तपासशील तेव्हा तोच तुझा खरा निकाल. सामू (पीएच) जास्त येईल कारण सिमेंटचा चुना मातीत उतरतो, मग पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसतं, लोक युरिया मारायला सांगतात, अजिबात मारू नकोस, ती लोहाची कमतरता असते. जागा मोठ्या रस्त्याला लागून असेल किंवा तिथे आधी गॅरेज, भंगार, बॅटरीवाला काही असेल तर मात्र शिशाची तपासणी वेगळी सांगून करून घे. आपल्याकडे शिसं घातलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं पण मातीत पडलेलं शिसं कुठे जात नाही. आणि ते कंदमुळांत आणि पालेभाजीत जास्त येतं, वांगं-मिरचीत कमी. रिपोर्ट खराब आला तर त्या जमिनीत पालेभाजी लावायचीच नाही, उंच वाफ्यात आणि बाहेरच्या मातीतच.

पाण्याचा विचार पत्रात कुठेच नाहीये म्हणून विचारते, पाणी कुठलं? १,२०० फुटांच्या वाफ्यांना एप्रिल-मे मध्ये दिवसाला ५०० लिटर लागेल असं धर, पाल्याचं जाड आच्छादन असेल तर बरंच कमी. तुमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येत असतील तर सोसायटीच्या नळाला पाइप लावलास की पहिलं भांडण तिथेच. त्यामुळे पहिल्या दोन उन्हाळ्यांत वाफे झोपवून ठेवायची तयारी ठेव, वर वीतभर पाला, खाली फक्त अळू, कढीपत्ता, शेवगा, लिंबू असलं टिकाऊ. शेतकरीसुद्धा उन्हाळ्यात रान विसाव्याला टाकतात, तुलाच काय घाई. आरओचं वाया जाणारं पाणी वापरा असं कुणीतरी सुचवेलच, रोज रोज नको, त्यात क्षार असतात.

आता काका. मला ते आवडले खरं सांगू का, कारण त्यांनी बोलून दाखवलं, बाकीचे मनात ठेवतात आणि मीटिंगला फोडतात. त्यांच्या तीन मुद्द्यांपैकी डासांचा खरा आहे, उघडी टाकी आणि कुंड्यांखालच्या ताटल्या यात होतात, टाकीला जाळी लाव, ताटल्या ठेवूच नकोस. वासाचा पण खरा आहे, ओला कचरा उघडा टाकलास तर मारणारच, एक थर ओला तर दोन थर कोरडा पाला, इतका सरळ नियम आहे, पोत्यातला पाला त्याच्यासाठीच वर्षभर जपून ठेवायचा. सापाचं म्हणशील तर साप उंदरासाठी येतो आणि उंदीर शिळ्या पोळ्या-भातासाठी येतो, म्हणून शिजलेलं अन्न खड्ड्यात टाकायचं नाही, फक्त कच्च्या भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा. हे सगळं एका कागदावर लिहून काकांकडे स्वतः जा, त्यांच्या घरी चहा घे आणि यातलं काही मोडलं तर आम्ही बंद करू असं लिहून दे. घाबरू नकोस, लिहून दिलेलं असलं की तुम्ही चौघीच जास्त नीट वागाल.

कागदाचं निघालंच आहे तर जमीन नक्की कुणाच्या नावावर आहे ते बघ. कन्व्हेयन्स (म्हणजे बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं) झालेलं नसेल तर ती अजून बिल्डरच्या नावावर असू शकते. सेक्रेटरी "करा की ताई, छानच आहे" म्हणाले यावर दोन वर्षं मेहनत टाकू नकोस, सर्वसाधारण सभेत ठराव करून घे, किती वर्षांसाठी, पाणी कुठलं, खर्च कुणाचा, सगळं त्यात. आणि जागेवर एखादं मोठं झाड असेल आणि सावली येते म्हणून कुणी तोडायचं म्हटलं तर १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते. मला विचारशील तर तोडूच नकोस, त्याच्याखाली कंपोस्ट कर आणि बसायला दोन दगड टाक.

शेवटचा मुद्दा वस्तीचा, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे, रागावू नकोस. "उरलेली भाजी वस्तीत फुकट वाटायची" हे वाचून मला कसंतरी झालं. उरलेली का? आणि वाटायची का? भिंतीपलीकडे ज्या बायका राहतात, तुमच्याच सोसायटीत धुणीभांडी करायला येतात, त्यातल्या कितीजणी लातूर, सोलापूर, बीडकडून आल्या असतील, त्यांच्या हाताखालून तुम्हा चौघींनी मिळून बघितली नसेल एवढी माती गेलेली आहे. आमच्याकडच्या एका मावशींनी पहिल्याच पावसात आमच्या प्लॉटवर उभ्या उभ्या सात भाज्या दाखवल्या, घोळ, टाकळा, कुर्डू, तांदुळजा, आणि आम्ही त्या तण म्हणून उपटून फेकत होतो! त्यांना जुडी नको देऊस, वाफा दे. दहा वाफे असतील तर चार वाफे वस्तीतल्या चार घरांचे, काय लावायचं ते त्या ठरवणार, निघेल ते त्यांचं. आणि कुणाकडून शिकलीस, काम करून घेतलंस तर पैसे दे, वॉचमनकाकांना "तुम्ही गावाकडचे ना, बघा जरा" म्हणून फुकट राबवू नकोस, हे मी फार ठिकाणी बघितलंय. तुम्ही चौघी मे महिन्यात गावी गेलात तरी ते चार वाफे जिवंत राहतील, हे आत्ताच सांगून ठेवते.

ठरावाच्या वेळी यावरूनच सगळ्यात मोठं भांडण होईल. गेटच्या चाव्या, सिक्युरिटी, बाहेरची माणसं आत कशी, सगळं निघेल. तेवढं भांड. बाकी कशावरून भांडलीस नाहीस तरी चालेल.

पैशाचं म्हणशील तर फावडं, टिकाव, घमेली, दोन खुरपी, विळा, झारी आणि शेणाचं-गोमूत्राचं काय ते, एवढ्यावरच पहिलं वर्ष निघतं. चौघींत वाटून घे. सॉइल मिक्स, कोकोपीटच्या विटा, जाहिरातीतल्या बाटल्या यातलं काहीच नको.

जूनमध्ये पहिला बरा पाऊस झाला की वाफ्यांत, मोकळ्या जागेत सगळीकडे ताग पेर (हिरवळीचं खत म्हणून, कापून मातीतच जिरवायला), दाट पेर, तुझ्या जागेला एक-दोन किलो बी भरपूर झालं. दीडेक महिन्यात कमरेच्या वर जाईल आणि कळ्या धरेल. पहिली पिवळी फुलं दिसली की त्याच आठवड्यात विळ्याने कापून तिथेच आडवा पाडायचा, मुळं जमिनीतच ठेवायची. तेव्हा सगळी सोसायटी म्हणेल अगं राहू दे ना किती छान दिसतंय, रील काढू, पुढच्या रविवारी काप. ऐकू नकोस, खोड एकदा कडक झालं की लवकर कुजत नाही. हवं तर शनिवारी फोटो काढू दे सगळ्यांना आणि रविवारी सकाळी विळा घेऊन जा.

– तुझी ताई